यंत्राचे आयुष्य कोण ठरवतो?

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांची गाऱ्हाणी ऐकताना एक वाक्य मी पुष्कळदा ऐकले: "माल परत आला, म्हणजे कामगाराचा हात चुकला." हे दर वेळी खरे असते काय? त्याचे उत्तर आज मी व्हिडिओ गेमच्या यंत्रांत शोधणार आहे. श्रोतेहो, हसू नका. खेळण्यांनाही इतिहास असतो.

१५ जुलै १९८३ रोजी जपानात दोन प्रतिस्पर्धी यंत्रे एकाच दिवशी विक्रीस आली: निन्टेन्डोचे फॅमिकॉम आणि सेगाचे एसजी-१०००. फॅमिकॉमच्या पहिल्या नगांत चिपचा दोष निघाला, तेव्हा कंपनीने माल परत घेऊन आतले सर्किट बदलून दिले. पुढे हे यंत्र टिकले. त्याला पंखा नव्हता, फिरती तबकडी नव्हती आणि वीज दहा वॅटांच्या आत लागे. १९९० नंतर आपल्याकडे अनेक घरांत आलेली यंत्रे बहुतेक त्याच्याच नकला होत. कॅसेट चालेना, की मुले तिच्यात फुंकर मारीत.

मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये, सोनीच्या प्लेस्टेशन ३ च्या वर्षभर आधी, बाजारात आले. ते फार बलवान होते. पण शंभराहून अधिक वॅट वीज ओढी आणि तितकेच तापे. तापले की आतले भाग फुगत, निवले की आकसत. या रोजच्या ओढाताणीत चिपच्या बारीक जोडण्या तडकत आणि समोर तीन तांबडे दिवे लुकलुकू लागत. २००९ मध्ये स्क्वेअरट्रेड या हमी विकणाऱ्या अमेरिकन कंपनीने सुमारे १६,००० यंत्रांचा हिशेब मांडला. दोन वर्षांत बिघडलेल्यांचे प्रमाण असे: एक्सबॉक्स ३६० चे २३.७ टक्के, प्लेस्टेशन ३ चे १० टक्के आणि कमी विजेवर चालणाऱ्या निन्टेन्डो वीचे २.७ टक्के.

२००७ हे साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जुलैत मायक्रोसॉफ्टने या बिघाडाची हमी तीन वर्षांची केली. त्यापायी शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली. ऑक्टोबरअखेर निन्टेन्डोने फॅमिकॉमची दुरुस्ती थांबविली, कारण सुटे भाग मिळेनासे झाले. एका यंत्राची दुरुस्ती चोविसाव्या वर्षी थांबली. दुसऱ्याची हमी दोन वर्षे पुरी होण्याआधीच वाढवावी लागली.

जुळणी करणाऱ्याने नेमून दिलेला भाग नेमल्या जागी बसविला होता. यंत्राने किती उष्णता सोसावी, ते बाजारात केव्हा जावे, सुटे भाग किती वर्षे ठेवावेत, हे वरच्या मजल्यावर ठरले होते. म्हणून माल परत आला, की आधी आराखडा मागवावा. हजेरीपट मागाहून पाहता येतो.