नाताळ, बर्फ आणि एक पैज: थंडीचा ‘सीझन’ कुणी बनवला?

 

डिसेंबर आला की मित्रांच्या ग्रुपवर एकच चर्चा. नाताळच्या सुट्टीत जायचं कुठे? कुणीतरी स्वित्झर्लंडचं रील टाकतं. लाकडी घरं, छपरावर बर्फ, दिव्यांच्या माळा, उतारावरून सुसाट घसरत येणारी माणसं. मग दुसरा बजेट विचारतो, तिसरा गुलमर्ग म्हणतो, चौथा महाबळेश्वर. आणि शेवटी सगळे गणपतीपुळ्याला!

पण ‘नाताळ म्हणजे बर्फाचा डोंगर’ हे आपल्या डोक्यात बसलं कधी? वाटतं, युरोपातली शेकडो वर्षांची परंपरा असणार. तसं नाहीये. नाताळ जुना आहे, पण सुट्टी घालवायला बर्फात जाणं हा प्रकार जेमतेम एकशे साठ वर्षांचा. आणि त्याची सुरुवात एका हॉटेलवाल्याच्या अडचणीतून झाली, असं सांगतात.

सेंट मॉरिट्झ हे आल्प्समधलं गाव, साधारण १८०० मीटर उंचीवर. तिथे योहानेस बाड्रुट नावाचा माणूस हॉटेल चालवायचा. पाहुणे यायचे ते उन्हाळ्यात, झऱ्याचं औषधी पाणी प्यायला आणि डोंगरात फिरायला. थंडी सुरू झाली की गाव रिकामं, हॉटेल बंद. १८६४ च्या शरद ऋतूत त्याच्याकडे काही इंग्रज पाहुणे उतरले होते. परत निघायच्या वेळी बाड्रुट त्यांना म्हणाला, ‘हिवाळ्यात येऊन बघा. इथे एवढं ऊन असतं की कोटसुद्धा काढाल. नाही आवडलं तर तुमचा प्रवासखर्च माझा. आवडलं तर हवे तितके दिवस माझे पाहुणे म्हणून राहा.’

लंडनच्या धुक्यातली ती माणसं. त्यांना हे खरं कसं वाटणार? पण नाताळात ती आली. आणि परत गेली ती थेट ईस्टरला, उन्हाने रापलेले चेहरे घेऊन! गोष्टीत थोडं मीठमसाला असेल, पण पुढचं खरं आहे. त्या गावात हिवाळ्याचा सीझन सुरू झाला आणि १९२८ व १९४८ अशा दोन हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा तिथे भरल्या.

एक गंमत लक्षात घ्या. त्या पहिल्या पाहुण्यांच्या काळात तिथे स्कीइंग नव्हतंच. लोक बर्फावर स्केटिंग करायचे, घसरगाड्यांवर बसायचे. स्कीइंग नॉर्वेकडून आलं आणि आल्प्समध्ये रुजलं ते १८९० नंतर. शेरलॉक होम्सवाला आर्थर कॉनन डॉयल १८९४ मध्ये दावोसहून डोंगर ओलांडून आरोसाला स्कीवरून गेला, तेव्हा ती लिहून छापण्यासारखी नवलाई होती.

बरं, त्याच काळात आपल्याकडे इंग्रज काय करत होते? मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचं वर्षाचं वेळापत्रक ठरलेलं असायचं. कडक उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसात पुणे आणि थंडीत मुंबई. पुण्याचा गणेशखिंडीतला बंगला, म्हणजे आजचं पुणे विद्यापीठ, त्याचं बांधकाम सुरू झालं ते वर्षही १८६४च. म्हणजे नाताळात साहेब डोंगरावर नसायचा, मुंबईत असायचा! मुंबईची हवा तेव्हाच तर बरी. महाबळेश्वर १८२० च्या दशकात निवडलं गेलं ते उन्हाळा आणि तापाच्या साथी टाळायला. आपल्या जिल्ह्यातल्या दापोलीला ‘कॅम्प’ म्हणतात तेही त्यामुळेच: समुद्राजवळ, पण उंचावर, हवा बरी, म्हणून तिथे लष्करी छावणी पडली.

भारतात नाताळ आणि बर्फ एकत्र आले ते गुलमर्गला. १९२७ मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी तिथे स्की क्लब काढला. वर्षाचे दोन मोठे कार्यक्रम ठरले: एक नाताळात, एक ईस्टरला. हुबेहूब आल्प्सचं कॅलेंडर!

आपल्यापर्यंत ते स्वप्न पोचवलं सिनेमाने. १९६४ चा ‘संगम’ युरोपात जाऊन आला. पुढे यश चोप्रांनी स्वित्झर्लंड इतकं दाखवलं की इंटरलाकेनमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया’नंतर तर विचारूच नका.

मग निवडायचं कसं? इतिहासातून तीन प्रश्न मिळतात.

पहिला, उंची किती? २०२२ चा नाताळ आणि पुढचा जानेवारी आल्प्समध्ये इतका उबदार गेला की खालच्या गावांचे उतार हिरवे पडले होते. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गही कोरडं होतं. नाताळात बर्फ हवाच असेल तर उंचावरचं ठिकाण बघा, आणि तरीही खात्री धरू नका.

दुसरा, घसरायचंय की बघायचंय? पहिल्यांदा जाणाऱ्याचे स्कीइंगचे सुरुवातीचे दिवस पडण्यातच जातात. फक्त बर्फ आणि दिवे बघायचे असतील तर स्की पासचे पैसे कशाला?

तिसरा, सण बघायचाय का? मग जवळ बघा. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीज ‘नाताल’वरून आलाय. वसईची चर्च, गोव्यातली गावं, रेवदंड्याजवळचं कोर्लई, जिथे आजही पोर्तुगीजमधून तयार झालेली बोली बोलतात. तिथला नाताळ कुणी पर्यटकांसाठी उभा केलेला नाही. तो घरचा आहे.

आणि आता रत्नागिरीकरांनो, एक गोष्ट खास आपल्यासाठी. नाताळच्या आठवड्यात आपल्याकडे खोली मिळत नाही, रस्ते तुंबतात, विहिरींवर ताण येतो. आणि जून ते सप्टेंबर? कित्येक होमस्टेंना कुलूप. पोरं कामासाठी मुंबईला. बाड्रुटची अडचणही हीच होती ना? बर्फ म्हणजे धंदा बंद, असं त्याचं सगळं गाव समजत होतं. आपण पावसाला तसंच समजतो. समुद्रात उतरणं तेव्हा धोक्याचंच, ते नकोच. पण भातलावणी, मार्लेश्वरचा धबधबा, कौलांवरचा पाऊस, चुलीवरची पेज हे बघायला शहरातला माणूस येणार नाही, हे आपण कधी तपासलंय का?

सीझन निसर्ग देत नाही, मंडळी. निसर्ग फक्त ऋतू देतो. त्याचा सीझन माणूस करतो, आणि त्यासाठी कुणालातरी आधी स्वतःच्या खिशातून पैज लावावी लागते.

तुमच्या गावात अशी पैज कुणी लावली असेल तर आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, आणि नाताळच्या शुभेच्छा!