चांदा वनप्रदेशातील सुरक्षामंत्र्यांची पूर्वपीठिका

१६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर येथे उठाव झाला, त्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाडातील पोलीस खात्यासाठी विधिमंडळाला जबाबदार असा एकही मंत्री अस्तित्वात नव्हता. काँग्रेस मंत्रिमंडळाने १९३९ च्या नोव्हेंबरातच राजीनामा दिला होता व कारभार गव्हर्नरच्या हाती गेला होता. चिमूरपासून फार दूर नसलेल्या सिंदेवाहीसारख्या गावाला आपल्या सुरक्षिततेचा जाब कोणाला विचारावा हा प्रश्न त्या वेळी पडणे शक्यच नव्हते. तो पडू लागला १९४६ नंतर. आणि त्याबरोबरच ज्यांना जाब विचारावयाचा ती माणसे कोठून आली, हाही अभ्यासाचा विषय झाला.

प्रांताचे गृहमंत्री म्हणून १९४६ ते १९५१ ह्या काळात द्वारकाप्रसाद मिश्र यांनी काम पाहिले. त्यांचा जन्म उन्नाव जिल्ह्यातला, कर्मभूमी जबलपूर. ते कायद्याचे पदवीधर, वृत्तपत्राचे संपादक आणि हिंदी साहित्यिक. १९४२ च्या कारावासात त्यांनी ‘कृष्णायन’ हे महाकाव्य रचले. चांद्याच्या जंगलातील मराठी व गोंडी बोलणाऱ्या प्रजेच्या पोलिसांवर अवधीत काव्य करणाऱ्या कवीची देखरेख असावी, हा प्रांतरचनेचा एक चमत्कारिक परिणाम होय. तथापि त्यांच्या पिढीचे खरे लक्षण भाषा किंवा प्रदेश हे नव्हते. ज्या पोलिसांनी त्यांना तुरुंगात टाकले होते, त्याच पोलिसांचे ते पुढे अधिपती झाले, हे ते लक्षण. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला तेव्हा मुख्यमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण हेही बेचाळीसच्या भूमिगत चळवळीतून आलेले कऱ्हाडचे वकील होते. १९४६ पासून ते गृहखात्याचे संसदीय चिटणीस होते, म्हणून ते खाते त्यांना आतून परिचित होते.

मारोतराव कन्नमवार यांची पूर्वपीठिका मात्र निराळी आहे. १९०० मध्ये चांदा येथे एका गरीब कुटुंबात जन्मलेल्या ह्या माणसाने एके काळी वृत्तपत्रे विकून गुजराण केली. वकिलीची सनद नाही, जमीनजुमला नाही. सावलीसारख्या सिंदेवाहीच्या शेजारच्या मुलखातून ते विधानसभेवर निवडून आले आणि २० नोव्हेंबर १९६२ रोजी मुख्यमंत्री झाले. चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले होते. चिनी आक्रमण चालूच होते. राज्याच्या सुरक्षेची अंतिम जबाबदारी चांद्याच्या माणसाकडे असण्याचा हा काळ जेमतेम वर्षभर टिकला. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

त्यानंतरची चार दशके येथे थोडक्यात सांगितली तरी पुरेशी आहेत. १९८० पासून नक्षलवादी दले ह्या अरण्यात शिरली, १९८२ च्या २६ ऑगस्टला गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, १९९० मध्ये ‘सी-६०’ हे पथक उभे राहिले. पोलीस खात्याचा भार व त्याचे लक्ष वैनगंगेच्या पूर्वेकडे सरकले.

पूर्वपीठिकेचा कारभारावर परिणाम होतो काय, ह्या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर रा. रा. पाटील यांच्या कारकीर्दीत सापडते. तासगाव तालुक्यातील अंजनी हे त्यांचे गाव. रोजगार हमीच्या कामावर जाऊन त्यांनी शिक्षण केले, १९७९ पासून ते जिल्हा परिषदेत होते व १९९० मध्ये आमदार झाले. ग्रामविकासमंत्री असताना त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान चालविले. गृहखाते हाती आल्यावर १५ ऑगस्ट २००७ पासून त्यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तिची घडण तीच होती : ग्रामसभेने निवडलेली समिती, गावागावांची स्पर्धा, शेवटी शासनाचे पारितोषिक. बांधाचा किंवा भाऊबंदकीचा वाद पोलीस ठाण्यापर्यंत जाण्याआधी गावातच मिटावा, ही कल्पना जिल्हा परिषदेत मुरलेल्या माणसाला सुचते. ती वकिलाला वा निवृत्त अधिकाऱ्याला सहजी सुचली असती असे वाटत नाही. परंतु हाच अनुभव सर्वत्र पुरला नाही. मुंबईवरील हल्ल्यानंतर १ डिसेंबर २००८ रोजी त्यांनी राजीनामा दिला. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. पुढल्याच महिन्यात ते गृहखात्यात परतले आणि सांगलीचे असूनही गडचिरोलीचे पालकमंत्रिपद त्यांनी मागून घेतले. पुढे २०२० मध्ये हे पद एकनाथ शिंदे यांच्याकडे आले. तेही मूळचे साताऱ्याकडील दरे गावचे, ठाण्यात ऑटोरिक्षा चालविलेले.

सिंदेवाहीचे मात्र गडचिरोलीसारखे नाही. ब्रह्मपुरी व मूल यांच्या दरम्यान धानशेती आणि जंगल यांच्या सीमेवर वसलेल्या ह्या तालुक्यात जिवाला असलेले मोठे भय बंदुकीचे नसून वाघाचे आहे. त्यामुळे येथल्या माणसाच्या दृष्टीने सुरक्षेचा मंत्री म्हणजे बव्हंशी वनमंत्री. २०१४ ते २०१९ व पुन्हा २०२२ पासून दोन वर्षे हे खाते चंद्रपूरचे सुधीर मुनगंटीवार यांच्याकडे होते; २०२२ च्या ऑगस्टात वन्य प्राण्याच्या हल्ल्यातील मृत्यूबद्दलचे साहाय्य १५ लाखांवरून २० लाख रुपये झाले. ज्या ब्रह्मपुरी मतदारसंघात सिंदेवाही येते, तेथील आमदार विजय वडेट्टीवार २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा मदत व पुनर्वसनमंत्री होते. स्थानिक माणसे आली ती ह्या खात्यांत; गृहखात्यात क्वचित.

डिसेंबर २०२४ पासून ही मांडणी उलटली. गृहखाते देवेंद्र फडणवीस यांच्याकडेच राहिले. ते नागपूरचे वकील, पण त्यांचे घराणे मूलचे, सिंदेवाहीला लागूनच असलेल्या तालुक्याचे. त्यांच्या काकू शोभाताई फडणवीस ह्या सावलीच्या आमदार व १९९५ नंतरच्या युती मंत्रिमंडळात मंत्री होत्या. वनखाते गेले नवी मुंबईचे गणेश नाईक यांच्याकडे, ज्यांचे राजकारण ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांच्या कामगार संघटनेत घडले. त्यानंतर पाच महिन्यांनी, १० मे २०२५ रोजी, सिंदेवाही वनपरिक्षेत्रात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या.