दानाचं साहित्य आणि कपाटाची किल्ली



संयोजकांनी विषय दिला आहे तो असा : ज्या शाळांकडे पैसा नाही, त्यांना लोक विज्ञानाचं साहित्य देणगी म्हणून देतात, त्यामुळे मुलं खरंच स्वतःच्या हातानं विज्ञान शिकतात का? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा प्रयोग कसा करावा हे आमच्याकडून ऐकायला कुणी बसलं असेल, तर त्यांची निराशा होईल. पण 'देणं' म्हणजे काय हा प्रश्न मात्र आमच्या शास्त्रातला आहे, आणि या विषयाचं सगळं कुलूप तिथंच अडकलेलं आहे असं आम्हाला वाटतं.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी दानाचे दोन भाग सांगितले. देणाऱ्याचा वस्तूवरचा हक्क संपला पाहिजे, हा पहिला. घेणाऱ्याचा हक्क निर्माण झाला पाहिजे, हा दुसरा. पहिला भाग झाला आणि दुसरा राहिला, तर दान पुरं झालं नाही. गोदानात गायीचं शेपूट हातात देतात, ते पाहिलंय ना तुम्ही? नुसतं 'दिली' म्हणून भागत नाही, हात लागावा लागतो. आता एखाद्या संस्थेनं जिंतूर तालुक्यातल्या शाळेला एक सूक्ष्मदर्शक दिला. देणाऱ्याचा हक्क संपला, फोटोही निघाला. पण घेणारा कोण? मुख्याध्यापक? जिल्हा परिषद? की पाचवी-सहावीतली ती पोरगी, जिच्या नावानं हा सगळा समारंभ झाला? इतिहासात याची उत्तरं निरनिराळी मिळालेली आहेत, ती आज आपण पाहू.

सुरुवात पैसा फंडापासून करू. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर एक साधी कल्पना मांडली : प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यावा. पैसा म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग. एक पैसा देताना कुणी दानशूर होत नाही, आणि म्हणूनच कुणाची पाटी लावायचीही भानगड नाही. टिळकांनी या फंडाला बळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला. जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथं शिकवायला आले. तो नुसता कारखाना नव्हता, शाळाही होती. तिथं भट्टीपुढं उभं राहून शिकलेली माणसं पुढं देशात ठिकठिकाणी काच कारखान्यांत गेली.

आम्हाला या गोष्टीतला एक बारकावा फार महत्त्वाचा वाटतो. काच फुंकायला शिकणारा पोरगा पहिल्या दिवसापासून काच फोडणारच. पण काचेच्या धंद्यात फुटलेली काच वाया जात नाही, तो चुरा पुन्हा भट्टीत जातो आणि नव्या मालात वितळतो. म्हणजे फुटण्याची सोय त्या विद्येतच केलेली आहे. पैसा लोकांनी दिलेला, माल फुटतोय, आणि तरी कुणी कुणाला जाब विचारत नाही. शिकणाऱ्याचा हात त्या वस्तूला खरोखर लागला होता.

दुसरं उदाहरण कलकत्त्याचं. महेंद्रलाल सरकार या डॉक्टरांनी १८६९ पासून लोकांकडे मागणं लावून धरलं आणि १८७६ मध्ये विज्ञानाच्या संवर्धनासाठी एक संस्था काढली. विजयनगरमच्या महाराजांनी प्रयोगशाळेसाठी देणगी दिली. इमारत झाली, उपकरणं आली. पण तिथं येऊन स्वतः प्रयोग करणारे फारसे मिळालेच नाहीत. सरकार १९०४ साली गेले ते बरेचसे निराश होऊन. मग १९०७ मध्ये अर्थखात्यातला एक तरुण अधिकारी रस्त्यावरची पाटी वाचून आत शिरला. त्याचं नाव चंद्रशेखर वेंकट रामन. कचेरीच्या आधी आणि कचेरी सुटल्यावर तो तिथं काम करायचा. २८ फेब्रुवारी १९२८ ला काय झालं ते शाळेतली मुलंही सांगतील, विज्ञान दिन त्याचाच. पण रामनला दार उघडून देणारे आशुतोष डे मात्र कुणाला ठाऊक नसतात. विद्यापीठाची पदवी नसलेला हा माणूस वेळी-अवेळी प्रयोगाला हाताशी उभा असायचा. महाराजांची देणगी कामाला आली, ती दाराशी असा एक माणूस होता म्हणून. किल्ली कुणाच्या हातात आहे, हे देणगीच्या रकमेइतकंच महत्त्वाचं असतं.

आता जरा लांब जाऊ. दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या शाळांच्या प्रयोगशाळा बेचिराख झाल्या. नवी उपकरणं पाठवायची तर किती आणि कुठून? तेव्हा युनेस्कोनं १९४८ मध्ये जे. पी. स्टीफन्सन या शिक्षकाकडून एक छोटी पुस्तिका करून घेतली : उद्ध्वस्त देशांतल्या विज्ञानशिक्षकांसाठी, हाताशी असलेल्या वस्तूंतून उपकरणं कशी करायची याची. गंमत अशी, की तिची खरी मागणी आली ती जिथं प्रयोगशाळा कधी नव्हत्याच अशा देशांतून. तीच वाढवून १९५६ मध्ये शिक्षकांसाठी मोठं संदर्भपुस्तक निघालं. वस्तू देण्याऐवजी वस्तू करण्याची रीत दिली. आम्ही याला विसाव्या शतकातली विज्ञानशिक्षणाची सगळ्यात मोठी देणगी मानतो, आणि तिचं वजन जेमतेम एका पुस्तकाएवढं!

आपल्या मराठवाड्याची तऱ्हा या दोन्हींहून वेगळी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. वरचं शिक्षण उर्दूत, शाळा थोड्या, खेड्यात तर नाहीतच. ज्या शाळा उभ्या राहिल्या त्यातल्या कितीतरी लोकवर्गणीतून. गावानं जागा दिली, कुणी पत्रे दिले, कुणी ज्वारीची पोती दिली. देणं आपल्याला नवीन नाही. पण ते देणं भिंतींपाशी थांबलं. प्रयोगशाळा हा शब्द कॉलेजाशी जोडला गेला आणि शाळेतल्या विज्ञानाचा अर्थ 'आकृती काढा व भागांना नावे द्या' एवढाच उरला.

मग सरकारी देणं आलं. १९७० च्या सुमारास युनिसेफच्या मदतीनं शाळांत विज्ञानपेट्या पोचू लागल्या. १९८६ चं शैक्षणिक धोरण आलं आणि त्यापाठोपाठ खडू-फळा मोहीम. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचं किमान साहित्य प्रत्येक प्राथमिक शाळेला मिळावं, ही कल्पना उत्तम होती. त्या साहित्यात विज्ञानपेटी होती, गणिताची पेटी होती, नकाशे होते. इथं बसलेल्या निवृत्त गुरुजींना त्या पेट्या आठवत असतील. आणि त्या कुठं ठेवल्या होत्या तेही आठवत असेल! लोखंडी कपाटात, वरच्या खणात.

याचा दोष शिक्षकांना देण्याची पद्धत आहे. गुरुजी आळशी, त्यांना प्रयोग नको असतात, वगैरे. आम्हाला हे पटत नाही. शाळेत एक वही असते, जडसंग्रह नोंदवही. सगळे तिला डेडस्टॉक म्हणतात. चुंबक, भिंग, तापमापी शाळेत आले की त्यांची त्यात नोंद होते. गुरुजींची बदली झाली की चार्ज द्यावा लागतो, वस्तू मोजून. तापमापी फुटला असेल तर तो का फुटला, त्याचं निर्लेखन झालं का, मंजुरी कुणाची, एवढे प्रश्न. आणि निर्लेखनाचा कागद पंचायत समितीतून परत यायला किती दिवस लागतात, ते आम्ही सांगायला नको. अशा वेळी शहाणा माणूस काय करील? कुलूप लावील. त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही लावलं असतं. या कारभारात न वापरलेली वस्तू निर्दोष असते आणि वापरलेली वस्तू संशयित.

शब्द तरी बघा. जडसंग्रह! विज्ञान ज्यातून जिवंत व्हायचं, ती वस्तू दारातून आत येता क्षणी जड म्हणून नोंदवली जाते. शास्त्रकारांच्या भाषेत बोलायचं तर देणाऱ्याचा हक्क संपला, पण मुलाचा हक्क जन्मालाच आला नाही. मधल्या मधे वस्तू वहीच्या मालकीची झाली.

यातून वाट काढणारे लोकही याच देशात होते. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ मिडल स्कूलांत प्रयोगातून विज्ञान सुरू केलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ खेड्यातल्या शिक्षकांबरोबर बसले. १९७८ मध्ये कार्यक्रम सगळ्या जिल्ह्यात गेला. त्यांच्या पेटीत महागाचं काही नव्हतं. फुलाचे भाग सुटे करायला सुई कशाला हवी, बाभळीचा काटा आहे की. (आपल्याकडं तर बाभळीला तोटा नाही.) पण काटा वापरला हे त्यांचं मोठेपण नव्हे. काय संपतं, काय फुटतं हे धरून दर वर्षी पेटीची भरपाई करायची, हे त्यांनी योजनेतच घातलं. शिक्षकांच्या महिन्याच्या बैठका ठेवल्या. परीक्षा पुस्तक उघडं ठेवून घेतली आणि तिच्यात प्रयोग ठेवले. म्हणजे कपाट उघडल्यावाचून मूल पास होणारच नाही. २००२ मध्ये सरकारनं तो कार्यक्रम बंद केला. का बंद केला हा मोठा आणि कडू विषय आहे, त्यासाठी वेगळं व्याख्यान लागेल. तीस वर्षं तो चालला, हे तरी ध्यानात ठेवावं.

महाराष्ट्रातही जवळपास त्याच काळात काम झालं. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीनं १९७४ मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या आसपासच्या शाळांत गेले. तिथं त्यांच्या ध्यानात आलं, की मुलांची अडचण साहित्याच्या तुटवड्याइतकीच पुस्तकाच्या भाषेचीही आहे. संस्कृतप्रचुर व्याख्या आणि लांबलचक वाक्यं मुलाला वाटेतच अडवतात. हे आम्ही देणगीदारांना नेहमी सांगतो : पेटीबरोबर येणारी माहितीपुस्तिका कोणत्या भाषेत आहे, ते आधी बघा. जिंतूरच्या मुलीला इंग्रजी पुस्तिका देणं म्हणजे दुसरं कुलूप देणं.

होशंगाबादच्याच वाटेवरून अरविंद गुप्ता आले. कानपूर आयआयटीतून शिकलेले इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरी. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते होशंगाबादला गेले. तिथल्या आठवडी बाजारात सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काडेपेटीच्या काड्या घेतल्या, आणि त्यांतून त्रिकोण, चौकोन, घन करायला सुरुवात केली. नळीचा तुकडा म्हणजे सांधा, काडी म्हणजे बाजू. चौकोन दाबला तर लवतो, त्रिकोण लवत नाही. पुलाच्या कैच्या त्रिकोणी का असतात, ते मुलाच्या बोटांना कळतं. पुढं पुण्याच्या आयुकात मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं काम केलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या शोधिकेची 'पुलस्त्य' नावाची इमारत पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून झाली. पुलस्त्य हा सप्तर्षींपैकी एक तारा, आणि त्यात 'पुल'ही आले. नाव देणाऱ्याला दाद दिली पाहिजे. पण आम्हाला त्या जागेत खरं मोल वाटतं ते याचं, की लेखकाच्या पैशातून झालेल्या वास्तूत मुलं रद्दी कागद आणि रिकाम्या बाटल्या घेऊन बसतात, आणि केलेलं खेळणं मोडलं तर दुसरं करतात.

मोडायला परवानगी असणं हीच मालकीची खूण आहे. आम्ही घरातली आमची कपबशी फोडू शकतो, पाहुण्याकडची नाही. शाळेतला तापमापी मुलाला पाहुण्याकडच्या कपबशीसारखा वाटत असेल, तर तो त्याचा नाही, मग नोंदवहीत काहीही लिहिलेलं असो.

आता आजचं बोलू. कंपनी कायदा २०१३ मध्ये आला आणि १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणं आलं. शाळांकडे साहित्य येण्याचा ओघ वाढला. त्याच कायद्यात म्हटलंय, की कंपनीनं आपल्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावं. पुणे-मुंबईला हे सोयीचं आहे. आपल्याकडं कारखान्यांची वस्तीच विरळ, तिथं 'आसपास' कुणाचा? २०१६ पासून केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब आल्या, शाळेला वीस लाखांपर्यंत. त्रिमितीय छपाईयंत्र, सेन्सर, काय काय. जिथं ते समजणारा शिक्षक टिकला तिथं कामही चांगलं झालं. पण लाखाचं यंत्र आलं की कुलूपही त्याच्या किमतीचं येतं, हे विसरू नये.

आणि आपल्या तालुक्यात शिकायला वस्तू कमी आहेत का? पूर्णेवर येलदरीचं धरण १९६८ ला पुरं झालं, तिथं साडेबावीस मेगावॉटचं वीजघर आहे. तालुक्यातली पोरं सहलीला तिथं जातात, धरणापुढं उभी राहतात. पण एका सेलला तार लावून बल्ब स्वतः पेटवलेली किती? नेमगिरीच्या गुहेत लहानशा दगडावर तोललेली पार्श्वनाथांची मूर्ती बघायला लांबून लोक येतात. गुरुत्वमध्य शिकवायचा तर तिथून परत आल्यावर वर्गात एक पट्टी बोटावर तोलायला द्यावी, आणखी काय लागतं? सेल, तार, बल्ब, पट्टी. सगळं मिळून शंभर-दोनशे रुपयांत एक गट बसतो. मात्र सेल महिन्याभरात संपतो आणि बल्ब दोन दिवसांत जातो. देणगीदाराला हे आवडत नाही. त्याला टिकणारी वस्तू हवी असते, ज्यावर नाव घालता येतं. सेलवर कुणाचं नाव घालणार?

म्हणून आम्ही देणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना एकेक गोष्ट सुचवतो. देणाऱ्यांनी देणगीपत्रातच लिहावं, की यातलं अमुक साहित्य खर्ची आहे, ते वापरून संपण्यासाठी दिलं आहे, आणि त्याच्या भरपाईसाठी पुढची तीन वर्षं इतके रुपये येतील. एवढ्या एका ओळीनं ती वस्तू जडसंग्रहातून सुटते आणि खर्ची साहित्याच्या वहीत जाते. गुरुजींच्या डोक्यावरचं चार्जचं ओझं उतरतं. घेणाऱ्यांनी, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीनं, कपाटाची एक किल्ली सातवीच्या वर्गाकडे द्यावी आणि काय फुटलं त्याची वही मुलांनाच ठेवू द्यावी. त्या वहीत वर्षअखेर काही नोंदच नसेल, तर समितीनं मुख्याध्यापकांना त्याचं कारण विचारावं.

आमचं बोलणं इथं थांबवतो. प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेत मुख्याध्यापक मंडळी बसली आहेत, आधी त्यांनी विचारावं.