सुईण की डॉक्टर? बाळंतपणाच्या निवडीमागची जात



गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांत एक चर्चा वाढली आहे. गरोदरपणात प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरकडे जावे की प्रशिक्षित मिडवाइफकडे? ‘नॅचरल बर्थ’वर शिबिरे होतात, व्हिडिओ निघतात. त्यात एक वाक्य हमखास असते : आपल्या आजीच्या काळी घरी सुईण यायची, सगळे कसे नैसर्गिकपणे व्हायचे.

या वाक्यातली ‘आपली आजी’ कोण, हे लगेच कळते. पण ती सुईण कोण होती? ती गावाच्या कोणत्या टोकाकडून यायची? बाळंतपण उरकल्यावर तिने घरातल्या कोणत्या वस्तूला हात लावलेला चालत होता? हे कोणी विचारत नाही. सुईण की डॉक्टर हा प्रश्न वैद्यकीय आहे, हे खरेच. पण आपल्या देशात तो आधी जातीचा प्रश्न होता, आणि तो इतिहास बाजूला ठेवून आज योग्य निवड करता येणार नाही.

विटाळ जिच्या वाट्याला, काम तिच्या वाट्याला

ब्राह्मणी धर्मशास्त्राने जन्म आणि मृत्यू दोन्ही अशौचात टाकले. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात या अशौचाचे नियम आहेत. मराठीत जन्माचे ते सोयर, मृत्यूचे ते सुतक. रक्त, वार, नाळ हे सगळे विटाळाचे ठरले. मग विटाळाला हात कोणी लावायचा? गावगाड्याने उत्तर तयारच ठेवले होते. मेलेले ढोर ओढणारा जो, त्याच्याच घरातली बाई नाळ कापणार. महाराष्ट्रात बऱ्याच गावांत सुईणपण मातंग बायकांकडे होते, काही ठिकाणी महार किंवा इतर कष्टकरी जातींच्या बायकांकडे. उत्तर भारतात हे काम प्रामुख्याने चर्मकार बायकांवर लादलेले होते. तिथे अनेक गावांत नात्यातली बाई बाळंतिणीची पाठ चोळायची, धीर द्यायची, पण नाळ कापायला मात्र दाईच लागायची.

म्हणजे अडलेल्या बाईची सुटका करणारे कसब, पोटावर हात ठेवून मूल आडवे की उभे ते ओळखण्याचे ज्ञान, हे सारे या बायकांच्या हातात होते. तरीही त्यांना वैदू म्हणून मान नव्हता. मिळायचे काय? पायलीभर धान्य, जुने लुगडे, एखादी चोळी. मुलगी झाली तर तेही कमी. ज्ञान हातात आणि किंमत शून्य, ही जातीची किमया आहे.

1886 साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’. स्वतःचे पहिले मूल दहा दिवसांत गमावलेल्या त्या तरुण बाईच्या जिद्दीला सलामच आहे. पण पोथीतले प्रसूतिशास्त्र पदवीच्या प्रबंधाचा विषय होऊ शकले आणि ज्या हातांनी प्रत्यक्ष लाखो मुले जन्माला आणली त्यांचे ज्ञान कोणी लिहूनही ठेवले नाही, हा फरक नोंदवला पाहिजे.

1928 आणि 1929 : दोन घटना

बाबासाहेबांच्या दोन लेखनांत बाळंतपणाशी जोडलेल्या दोन घटना आहेत. आपण त्या वेगवेगळ्या वाचतो. त्या शेजारी ठेवून वाचायला हव्यात.

पहिली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या 1936 च्या ग्रंथात आहे. इंदूर जिल्ह्यातल्या कनारिया, बिचोली हाफसी, बिचोली मर्दाना आणि आसपासच्या सुमारे 15 गावांतल्या सवर्णांनी बलाई समाजावर काही नियम लादले. ही बातमी जानेवारी 1928 मध्ये वर्तमानपत्रात आली. जरीकाठी पगडी घालायची नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत, हे नियम आपल्याला पाठ आहेत. पण त्याच यादीत आणखी एक नियम होता : हिंदू बायकांच्या प्रत्येक बाळंतपणाला बलाई बायकांनी हजर राहिलेच पाहिजे. आणि या सगळ्या सेवांचा मोबदला मागायचा नाही, जे मिळेल ते घ्यायचे. हे मान्य नसेल तर गाव सोडायचे. बलाईंनी नकार दिला. मग त्यांना विहिरी बंद झाल्या, गुरे चारणे बंद झाले, सवर्णांच्या शेतातून जायची वाट बंद झाली. इंदूर दरबाराकडे केलेल्या अर्जांचा उपयोग झाला नाही आणि शेकडो कुटुंबे बायकापोरांसह धार, देवास, भोपाळ, ग्वाल्हेर अशा शेजारच्या संस्थानांत निघून गेली.

दुसरी घटना ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये आहे. काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र डिसेंबर 1929 मध्ये ‘यंग इंडिया’त छापून आले होते. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टरने वस्तीत यायला नकार दिला. गावातल्या नगरशेठने फीचे दोन रुपये मिळतील अशी हमी दिल्यावर तो यायला तयार झाला, तेही ओल्या बाळंतिणीला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. ती बाई तान्ह्या मुलासह बाहेर आणली गेली. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहून न्यूमोनिया असल्याचे सांगितले. तिला हात लावला नाही. पुढे तो पाहायलाही आला नाही. ती बाई गेली.

आता दोन्ही एकत्र पाहा. सवर्ण बाई अडली की दलित बाईने तिच्या रक्तामांसाला हात लावलाच पाहिजे, नाही लावला तर गाव सोडावे लागेल. आणि दलित बाई बाळंतपणात मरायला टेकली तर शिकलेला डॉक्टर तिच्या मनगटालाही हात लावणार नाही. सुईण की डॉक्टर ही निवड सवर्ण बाईपुढे होती. आपल्या आज्यांपुढे नव्हती. त्यांना सुईण ‘व्हावे’ लागत होते आणि डॉक्टर ‘मिळत’ नव्हता.

घाणेरडे हात कोणाचे?

इंग्रजी अमलात 1885 साली डफरिन फंड स्थापन झाला, 1903 मध्ये लेडी कर्झनच्या पुढाकाराने दायांच्या प्रशिक्षणासाठी निधी उभा राहिला. त्या काळातल्या लिखाणात दाई ही अडाणी, गलिच्छ, बाळंतिणींची वैरीण म्हणून रंगवली आहे. बाळंतरोगाने आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताने होणारे मृत्यू खरे होते, ते नाकारायचे कारण नाही. पण कारण नीट पाहा. बाळंतपण विटाळाचे, म्हणून त्यासाठी घरातली सर्वांत अंधारी, कोंदट खोली. नंतर फेकायचे, म्हणून फाटकी मळकी चिंधी. दाई अस्पृश्य, म्हणून तिला हात धुवायला विहिरीचे पाणी नाही आणि शाळेची पायरी नाही. विटाळाच्या कल्पनेनेच जंतुसंसर्गाची सोय करून ठेवली होती. दोष मात्र दाईच्या माथी.

आणि युरोपातल्या डॉक्टरांचे हात किती स्वच्छ होते? 1840 च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. एक डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांचा, दुसरा सुईणींचा. डॉक्टरांच्या विभागात सुमारे 10 टक्के बाळंतिणी मरत, सुईणींच्या विभागात सुमारे 4 टक्के. बायका हातापाया पडून दुसऱ्या विभागात जागा मागत. 1847 मध्ये सेमेलवाइस या डॉक्टरने कारण शोधले : विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी बाळंतिणी तपासत होते. क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावताच मृत्यू झपाट्याने घटले. तरी मोठ्या डॉक्टरांनी त्याला मानले नाही. आपले हात रोग पसरवतात हे त्यांच्या प्रतिष्ठेला पटणारे नव्हते.

यातून डॉक्टर वाईट आणि सुईण चांगली असा निष्कर्ष काढायचा नाही. धडा असा की विटाळ जातीत नसतो, जंतू हातावर असतो. आणि तो साबणाने व ज्ञानाने जातो.

भूतकाळाचे गोडवे आपण का गाऊ नयेत

‘पारंपरिक दाई’चे गुणगान करणाऱ्यांनी बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ वाचावे. महारवाड्यातल्या बाळंतपणाचे त्यातले वर्णन अंगावर येते. उपासमार, अज्ञान, आणि कळा देत मरून जाणाऱ्या कोवळ्या पोरी. आपल्या बायकांच्या वाट्याला ‘नैसर्गिक’ बाळंतपण म्हणून हेच आले. बाबासाहेब आणि रमाईंनी पाचपैकी चार लेकरे गमावली, हे विसरून चालणार नाही.

म्हणूनच बाबासाहेबांची दिशा परंपरेकडे नव्हती, हक्काकडे होती. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. 1929 मध्ये तो कायदा झाला. पुढे मजूरमंत्री असताना 1943 मध्ये त्यांनी खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती आणली. त्यांच्या दृष्टीने बाळंतपण हा श्रमाचा आणि नागरिकत्वाचा विषय होता.

गावपातळीवरही लढा झाला. 1950 नंतरच्या दशकांत उत्तर प्रदेशात ‘नारा-मवेशी’ आंदोलन उभे राहिले. नारा म्हणजे नाळ, मवेशी म्हणजे मेलेली जनावरे. नाळ कापणार नाही, ढोर ओढणार नाही, असे दलितांनी ठरवले. मारहाण आणि बहिष्कार सोसला. ज्या बायकांनी त्या वेळी ‘येत नाही’ म्हटले, त्या आपल्या चळवळीच्या नायिका आहेत.

आणि आज त्याच कामाला प्रतिष्ठा आली आहे. केंद्र सरकारने 2018 मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. नर्सिंग शिकलेल्यांना 18 महिन्यांचे खास प्रशिक्षण देण्याची योजना आहे. हे स्वागतार्ह आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलेल्या म्हाताऱ्या दायांना ना पेन्शन, ना नोंद. काम विटाळाचे होते तोवर ते आपल्या घरातल्या बायकांवर लादले. त्याला पगार आणि पदनाम आल्यावर त्या जागांवर आपल्या मुली किती आहेत, हे विचारलेच पाहिजे.

मग आज निवड कशी करायची?

2005-06 मध्ये देशात सुमारे 39 टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती. 2019-21 च्या पाहणीत ते प्रमाण सुमारे 89 टक्के झाले. मातामृत्यूचे प्रमाण लाखामागे 254 वरून 97 वर आले. हे दवाखान्यांचे यश आहे आणि ते सोडून अप्रशिक्षित हातांकडे परत जाणे हा आत्मघात आहे. पण त्याच पाहणीत खासगी दवाखान्यांत सुमारे 47 टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, सरकारी दवाखान्यांत सुमारे 14 टक्के. एखाद्या देशातले सिझेरियनचे प्रमाण 10 टक्क्यांच्या वर गेल्याने मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितले आहे. पूर्वी आपल्या बाईला डॉक्टर हात लावत नव्हता. आता ती कर्ज काढून, गरज नसताना टाके घालून घेते आहे.

म्हणून निवडीचा निकष जोखीम हा असावा. आई निरोगी, मूल एकच, डोके खाली, आधी सिझेरियन नाही, अशा वेळी प्रशिक्षित मिडवाइफ पूर्ण काळजी घेऊ शकते. फक्त तिच्यामागे शस्त्रक्रिया आणि रक्ताची सोय असलेला दवाखाना हवा, कारण सरळ बाळंतपणही अचानक अडू शकते. रक्तदाब, मधुमेह, तीव्र रक्तक्षय, जुळे, आडवे मूल किंवा आधीचे सिझेरियन असेल तर प्रसूतितज्ज्ञच हवा. रक्तस्राव, झटके, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच क्षणी 108 ला फोन करा.

विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी कुटुंबांनी सिकलसेलची तपासणी नवरा-बायको दोघांचीही, शक्य तितक्या लवकर करून घ्यावी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. गरोदर बाईला स्वतःला सिकलसेलचा आजार असेल तर तिला प्रसूतितज्ज्ञाची देखरेख लागतेच.

कार्यकर्त्यांनी वस्तीत तीन गोष्टी सांगाव्यात. 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि वाहन मोफत आहे. पैसे मागितले तर लेखी तक्रार करा. बाळंतपणाच्या खोलीत सोबतीला एक बाई ठेवायला 2016 पासून केंद्र सरकारची मान्यता आहे. ती सोबत मागा. आणि सिझेरियन सुचवले तर कारण विचारा. आडनाव विचारून सूर बदलणाऱ्याला, कळा देणाऱ्या बाईवर ओरडणाऱ्याला जाब विचारायला तिच्यासोबत कोणीतरी उभे असले पाहिजे.

बलाई बायकांनी गाव सोडले, पण सक्तीने हात लावायला नकार दिला. काठियावाडातली ती बाई मात्र डॉक्टरचा हात लागण्याची वाट पाहत गेली. सुईण असो वा डॉक्टर, आपल्या बाईला शिकलेला, स्वच्छ आणि जात न विचारणारा हात मिळाला पाहिजे. आणि तो शिकलेला हात आपल्या मुलीचाही असला पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!