साबळे, अविनाश मुकुंद

(१३ सप्टेंबर १९९४– ). तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीतील भारताचे राष्ट्रीय विक्रमवीर. जन्म बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा येथे, शेतकरी कुटुंबात. बारावीनंतर ५ महार रेजिमेंटमध्ये भरती. सियाचीन, राजस्थान व सिक्कीम येथे सेवा. सैन्यातील क्रॉस-कंट्री शर्यतींतून पुढे येऊन प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली ते स्टीपलचेसकडे वळले.

शर्यत : २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा. ९१.४ सेंमी. उंचीचा लाकडी अडथळा धक्क्याने पडत नाही. पाय अडखळला, तर पडतो तो धावपटू.

विक्रम : भुवनेश्वर येथे २०१८ मध्ये ८ मि. २९.८० से. वेळ देऊन साबळे यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ चा विक्रम मोडला. पॅरिस डायमंड लीगमध्ये (७ जुलै २०२४) ही वेळ ८ मि. ९.९१ से. वर आली.

पदके : राष्ट्रकुल स्पर्धांत १९९८ ते २०१८ या काळात या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियाकडेच गेली. बर्मिंगहॅमला (२०२२) साबळे यांनी ८ मि. ११.२० से. वेळेत रौप्य मिळवून ही मक्तेदारी मोडली. सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचे सुवर्ण व ५,००० मी. चे रौप्य. गुमी येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत (२०२५) सुवर्ण.

जागतिक पदकाची शक्यता : जागतिक स्पर्धेत दोहा (२०१९) येथे तेरावे, ओरेगॉन (२०२२) येथे अकरावे आणि पॅरिस ऑलिंपिकमध्येही अकरावे स्थान. ओरेगॉनची शर्यत संथ होती, पॅरिसची अतिवेगवान. दोन्ही प्रकारांत ते मागे पडले. मात्र पॅरिसचे रौप्यविजेते अमेरिकन केनेथ रुक्स यांची त्यापूर्वीची सर्वोत्तम वेळ साबळे यांच्याहून कमी दर्जाची होती. शेवटच्या फेरीत आघाडी घेण्याचे धाडस करून रुक्स यांनी ८ मि. ६.४१ से. वेळ दिली. पदक ठरते ते त्या दिवशीच्या अखेरच्या ४०० मीटरांत, आणि साबळे यांना भर द्यावा लागेल तोही तिथेच.

दुखापत : जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथे गुडघ्याला दुखापत.

सन्मान : अर्जुन पुरस्कार.

ऑलिंपिकमधील महिलांच्या स्टीपलचेस शर्यतीत २०१६ मध्ये साताऱ्याच्या ललिता बाबर दहाव्या आल्या होत्या. स्टीपलचेसमधील ऑलिंपिक वा जागतिक पदक अद्याप एकाही भारतीयाला मिळालेले नाही.