गझालीचा संशय आणि त्याचें वैराग्य

अबू हमीद अल्-गझाली ह्याचें चरित्र सांगतांना बहुतेक लेखक एक सोपी वाट धरितात. तत्त्वज्ञानानें त्याच्या मनांत संशय उत्पन्न केला व त्या संशयास कंटाळून तो सूफी झाला, असें ते म्हणतात. खुद्द गझालीनें उतारवयांत लिहिलेलें ‘अल्-मुन्किझ मिन अद्-दलाल’ हें आत्मवृत्त लक्षपूर्वक वाचिल्यास ही वाट फसवी असल्याचें दिसून येतें. त्याजवर संकट एकदां नव्हे, दोनदां आलें. आणि त्या दोहोंची गल्लत केली असतां ह्या पुरुषाचें मर्मच हातचें जातें, असें आम्हांस वाटतें.

पहिलें संकट ज्ञानाचें होतें. सावली डोळ्यांस स्थिर दिसते, परंतु ती सरकत असते. तारा नाण्याएवढा दिसतो, परंतु गणित त्यास पृथ्वीहून मोठा ठरवितें. इंद्रियांस बुद्धि खोटें पाडिते. मग बुद्धीस खोटें पाडणारा कोणी तिच्याही वर नसेल कशावरून? स्वप्नांत असतां स्वप्न खरेंच वाटतें ना? सुमारें दोन महिने गझाली ह्या अवस्थेंत होता. तींतून तो कोणत्याही प्रमाणानें सुटला नाहीं. ईश्वरानें हृदयांत टाकिलेल्या प्रकाशानें सुटलों, असें तो सांगतो. मात्र त्या प्रकाशानें त्यास परत मिळालें तें काय? तिहींपेक्षां दहा अधिक, अशा बुद्धीच्या मूलतत्त्वांवरील विश्वास! ह्यांत सूफी पंथाचा संबंध कोठेंच येत नाहीं.

उलट, बुद्धि परत मिळाल्यावर त्यानें ती पुरती राबविली. १०९१ सालीं सेल्जूक वजीर निझाम-उल्-मुल्क ह्यानें त्यास बगदादच्या निझामिया विद्यालयांत नेमिलें. तेथें तीनशें विद्यार्थ्यांस शिकवून उरलेल्या वेळांत त्यानें तत्त्वज्ञांचे ग्रंथ अभ्यासिले व ‘तहाफुत’ नांवाच्या ग्रंथांत त्यांचे वीस सिद्धान्त खोडून काढिले. हें संशयग्रस्ताचें काम नव्हे.

दुसरें संकट १०९५ च्या जुलईंत आलें, आणि तें ज्ञानाचें नव्हतेंच. सूफींचे ग्रंथ त्यानें वाचून संपविले होते. आरोग्याची व्याख्या जाणणें निराळें व निरोगी असणें निराळें, हेंही त्यास कळून चुकलें होतें. आपण शिकवितों तें कीर्तीसाठीं, हें त्यास दिसत होतें. तरी पाऊल उचलत नव्हतें. सकाळीं केलेला निश्चय सायंकाळीं ढळे. असे जवळजवळ सहा महिने गेले. अखेर जीभच बंद पडली, घांस गिळवेना, आणि वैद्यांनीं हात टेंकिले. नोव्हेंबरांत मक्केस जातों असें सांगून तो निघाला, तो दमास्कसास गेला व तेथील मशिदीच्या मनोऱ्यांत दार लावून बसूं लागला.

१०९२ सालीं निझाम-उल्-मुल्काचा खून झाला होता. बातिनी पंथाविरुद्ध लिहिणारा गझाली केवळ भीतीनें पळाला, असा तर्क कित्येकांनीं केला आहे. भीति नव्हतीच असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्यास नुसता जीव वांचवावयाचा असतो, तो सहा महिने उंबरठ्यावर घुटमळत नाहीं.

त्याचें वैराग्यही आमच्याकडील संन्यासासारखें सर्वस्वी पाश तोडणारें नव्हतें. संपत्ति वांटतांना मुलाबाळांच्या निर्वाहापुरतें त्यानें राखून ठेविलें, आणि पुढें मुलांच्याच ओढीनें तो घरीं परतला, हें तो मोकळेपणीं सांगतो. हेब्रॉन येथें इब्राहिमाच्या कबरीजवळ त्यानें राजद्रव्य न घेण्याची व राजद्वारीं न जाण्याची शपथ वाहिली होती. तरी ११०६ सालीं निझाम-उल्-मुल्काचा पुत्र फख्र-उल्-मुल्क ह्याच्या आग्रहावरून निशापुरास तो पुनः शिकवूं लागला. पूर्वीं प्रतिष्ठा मिळवून देणारी विद्या शिकवीत होतों, आतां ती टाकावयास लावणारी शिकवितों, असें ह्यावर त्याचें समर्थन आहे. तें पूर्ण समाधानकारक आहे असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु बुद्धीस त्यानें सोडचिठ्ठी दिली नव्हती, हें मात्र खास: मृत्यूपूर्वीं दोनच वर्षें, ११०९ सालीं, त्यानें धर्मशास्त्रावरील ‘अल्-मुस्तस्फा’ हा ग्रंथ पुरा केला आणि त्याच्या आरंभीं तर्कशास्त्राचें प्रकरण घातलें.