दिवसभर क्लिक करणाऱ्यांनी माउस कसा निवडावा? हाताचे माप, क्लिकचा हिशेब आणि पक्के बिल

सुरत : नंदुरबार, धुळे, जळगाव जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी सुरतला गेलेली मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत मोठ्या संख्येने राहतात. आधीची पिढी लूमवर आणि डाइंग मिलमध्ये राबली. पुढच्या पिढीतली बरीच मुलं-मुली आता संगणकासमोर बसतात. कोणी साडीचे प्रिंट डिझाइन करतं, कोणी एम्ब्रॉयडरीचं पंचिंग करतं, तर कोणी हिऱ्याच्या कारखान्यात कच्च्या मालाचं प्लॅनिंग करतं. यातलं बरंचसं काम नगावर असतं. हात आखडला की नग कमी होतात आणि महिन्याची कमाई घटते. तरीही संगणक घेताना प्रोसेसर आणि रॅमची चौकशी दहा ठिकाणी होते आणि माउस मात्र दुकानदार देईल तो घेतला जातो.

आधी हात मोजा

मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजावं. ढोबळ मानाने १७ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर लहान, १७ ते १९ असेल तर मध्यम आणि त्याहून जास्त असेल तर मोठा माउस बघावा. लॅपटॉपसोबत नेण्यासाठी बनवलेले चपटे छोटे माउस दिवसभराच्या कामाला बहुतेकांना पुरत नाहीत. तळवा टेकायला जागा नसल्याने बोटं सतत आखडलेली राहतात.

दुकानात माउस खोक्याबाहेर काढून पाच मिनिटं हातात धरावा. तळव्याला आधार मिळतो का, करंगळी टेबलावर घासते का, बटण दाबायला जोर लागतो का, हे तपासावं. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजूंनी सारखा आकार असलेलाच माउस घ्यावा. अंगठ्यासाठी खोलगट केलेले बरेच माउस फक्त उजव्या हाताचे असतात.

क्लिकचा हिशेब

माउसच्या बटणाखाली एक छोटा मायक्रोस्विच असतो. त्याचं आयुष्य क्लिकमध्ये मोजतात आणि चांगल्या माउसच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीत ते लिहिलेलं असतं. समजा स्विच १ कोटी क्लिकचा आहे. रोज १०,००० क्लिक होत असतील तर तो १,००० दिवस चालेल. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर सव्वातीन वर्षांहून थोडा जास्त. रोज २०,००० क्लिक असतील तर दीड-पावणेदोन वर्षं. हा कागदावरचा हिशेब आहे. आतली पट्टी झिजली किंवा धूळ गेली तर स्विच आधीही बिघडतो.

बिघाडाचं नेहमीचं लक्षण म्हणजे एकदा दाबलं तरी दोन क्लिक होणं. पंचिंग करणाऱ्याला हे महागात पडतं. नको त्या जागी जादा बिंदू पडला आणि तो नजरेतून सुटला, तर मशीनच्या प्रत्येक हेडवर तीच चूक उमटते आणि कापड वाया जातं. घरी तपासायची सोपी रीत आहे. एखादी फाइल पकडून स्क्रीनभर ओढत न्यावी. बोट दाबलेलं असतानाही ती मध्येच सुटत असेल, तर तो माउस कामाच्या टेबलावरून काढावा.

पैशाचाही विचार करावा. १,२०० रुपयांचा माउस दोन वर्षं चालला तर महिन्याला ५० रुपये पडतात. ३०० रुपयांचा सहा महिन्यांत गेला तरी महिन्याला तेवढेच पडतात. त्यात बिघडलेल्या नगांचं नुकसान वेगळं.

मोठ्या आकड्यांना भुलू नका

खोक्यावर १६,००० डीपीआय असं ठळक छापलेलं असतं. माउस एक इंच सरकला की तो किती बारीक टप्पे मोजतो, एवढाच त्याचा अर्थ. नेहमीच्या १,९२० पिक्सेल रुंद स्क्रीनवर १,६०० डीपीआयला साधारण सव्वा इंच हात हलवला की बाण या टोकाहून त्या टोकाला जातो. बारीक डिझाइनच्या कामाला ८०० ते १,६०० पुरेसे आहेत. त्याहून मोठे आकडे मुख्यतः गेम खेळणाऱ्यांसाठी असतात.

एकाच टेबलावर बसून काम असेल तर वायरचा माउस बरा. सेल संपत नाही, वजन कमी राहतं, रिसीव्हर हरवत नाही. वायर मात्र माउसच्या तोंडापाशी तुटते, तिथे ती ताणली जाऊ देऊ नये.

ऑप्टिकल माउस खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला शेकडो-हजारो फोटो घेऊन हालचाल ओळखतो. त्यामुळे काचेच्या टेबलावर तो अडखळतो. कापडी पॅड वापरावा. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात धाग्याची पूस खालच्या छिद्रात अडकते. आठवड्यातून एकदा वायर काढून मऊ ब्रशने ती साफ केली तर 'माउस खराब झाला' ही तक्रार बऱ्याचदा तिथेच मिटते.

मुंग्या येत असतील तर

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होणं, रात्री हात झटकत जाग येणं, ही मनगटातली नस दबल्याची लक्षणं असू शकतात. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. अशा वेळी नवा माउस घेऊन थांबू नये, डॉक्टरांना दाखवावं. उभ्या आकाराच्या माउसमुळे हाताचा पीळ कमी होतो, पण तो आजारावरचा उपाय नव्हे. कोपर टेबलाच्या उंचीला, मनगट सरळ, माउस कीबोर्डच्या अगदी शेजारी आणि अधूनमधून दोन मिनिटं हात मोकळा, एवढं पाळलं तरी फरक पडतो.

बिल सुरतचं, वापर गावाकडे

अनेक जण सुरतला वस्तू घेऊन ताप्ती लाइनच्या गाडीने गावी नेतात. अशांनी दुकानदाराला दोन गोष्टी विचाराव्यात : वॉरंटी कंपनीची आहे की फक्त दुकानाची, आणि आपल्या जिल्ह्याजवळ सर्व्हिस सेंटर आहे का. दुकानाची वॉरंटी असेल तर माउस बदलायला पुन्हा सुरत गाठावं लागेल. मॉडेलचं नाव लिहिलेलं जीएसटीचं पक्कं बिल घ्यावं. कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटी मागताना अडचण येते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे सुरतच्या खरेदीची तक्रार नंदुरबारला दाखल होऊ शकते. केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू वापरणाराही या कायद्यात ग्राहकच धरला जातो. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. बिलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, कारण थर्मल कागदावरची अक्षरं वॉरंटी संपण्याआधीच उडालेली असतात.